दार किती मिनिटं टिकेल, आणि तेवढ्यात कळेल कोणाला?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं. या वेळचा विषय: दुकान, गोदाम आणि कार्यालय यांची राखण

या विषयावरच्या बऱ्याच पत्रांत एकच विचारणा होती: सगळ्यांत भक्कम कुलूप कोणतं? त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कुलूप, दार, तिजोरी यांतलं काहीही चोराला कायमचं अडवू शकत नाही. ते त्याचा वेळ खातं. आणि हा वेळ आपल्या कामी येतो तो कोणाला तरी कळलेलं असेल तरच. दार फोडायला दहा मिनिटं लागली आणि भोंगा दार फुटल्यावर वाजला, तर ती दहा मिनिटं चोराच्या पदरात पडली. तोच भोंगा पहिल्या घावाला वाजला, तर ती तुमच्या पदरात. पुढची बहुतेक उत्तरं याच हिशेबावर उभी आहेत.

प्रश्न: शटरला दोन्ही बाजूंना जाडजूड कुलुपं होती. चोरांनी त्यांना हातही लावला नाही. शटर मधूनच उचकटलं आणि एक जण सरपटत आत शिरला. आता कोणती कुलुपं घ्यावीत?

उत्तर: तुमची कुलुपं शाबूत राहिली, म्हणजे त्यांनी आपलं काम केलं. कमकुवत होता तो मधला भाग. शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पातळ पट्ट्या. दोन्ही टोकं जखडली की खालची पट्टी मधल्या सगळ्या लांबीत मोकळी राहते. तिथे कटावणी किंवा गाडीचा जॅक लावला की ती धनुष्यासारखी वाकते, आणि वाकताना पट्ट्यांची टोकं बाजूच्या गाइडमधून, म्हणजे ती ज्यात सरकतात त्या खोबणीतून, निसटतात. पंचवीस-तीस सेंटिमीटरची फट सडपातळ माणसाला पुरते.

म्हणून सर्वांत आधी मधोमध एक कुलूपबिंदू हवा. शटर तीन मीटरपेक्षा रुंद असेल तर मध्ये काढता-घालता येणारा उभा खांब बसवणं अधिक चांगलं, म्हणजे एका रुंद शटरची दोन अरुंद शटरं होतात. खालच्या पट्टीला आतून अखंड लोखंडी अँगल जोडा, तिचं वाकणं बरंच कमी होतं. मग दिवसाउजेडी शटर बंद करून छातीच्या उंचीवर मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि दुसऱ्या माणसाला गाइडकडे बघायला सांगा. पट्टीचं टोक सरकत सरकत कडेपर्यंत येत असेल तर गाइड उथळ आहे किंवा पट्ट्यांच्या टोकांच्या क्लिपा झिजल्या आहेत. नव्या क्लिपा बसवणं हे कारागिराचं थोड्या वेळाचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय ते सहसा कोणी करत नाही.

जमिनीतली कडी फरशीत बसवलेली असेल तर ती फरशीसकट उपटून येते. ती खालच्या काँक्रीटमध्ये रुतलेली हवी. कोयंड्याचे बोल्ट बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही भारी असो, पाना लावून कोयंडाच सोडवता येतो. नट आतल्या बाजूला घ्या किंवा डोकी वेल्ड करा.

आता कुलुपाकडे वळू. कुलूप घेताना त्याच्या शरीराच्या आकारापेक्षा कडीकडे बघा. कडीच्या दोन्ही बाजूंना कुलुपाचे खांदे वर आलेले असावेत, म्हणजे बोल्ट-कटरचा जबडा आत शिरत नाही. कडी बोरॉन पोलादाची, निदान ११-१२ मिलिमीटर जाड आणि कोयंड्यात जेमतेम मावेल एवढीच असावी. लांब कडी म्हणजे कटावणी घालायला आयती जागा. ईएन १२३२० या युरोपीय मानकात कुलुपांच्या १ ते ६ अशा श्रेणी आहेत. दुकानासाठी ४ किंवा त्यावरची बघावी.

एवढं करूनही बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आलेला माणूस कडी कापू शकतो. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकी कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्ज यांनी ब्रामा कंपनीचं, साठहून अधिक वर्षं कोणालाही न उघडलेलं कुलूप उघडून दाखवलं. त्यांना १६ दिवसांत विभागून सुमारे ५१ तास लागले. कुलूप हरलं खरं, पण ५१ तास कोणत्या चोराला मिळतात? शटरच्या आतल्या बाजूला कंपन ओळखणारा सेन्सर आणि तळाशी शटरसाठीचा जाड धातूचा चुंबकी संपर्क (चुंबक दूर गेला की इशारा देणारा) बसवा. दाराचा साधा छोटा संपर्क इथे चालत नाही. वाऱ्याने शटर हललं की तो खोटा इशारा देतो. वायर मात्र लोखंडी नळीतून न्या.

प्रश्न: पुढची बाजू भक्कम केली आहे. मागचं दार, शौचालयाची खिडकी आणि पत्र्याचं छप्पर यांचं काय?

उत्तर: पुढच्या बाजूला दिवे असतात आणि वर्दळ असते, मागे अंधार असतो आणि निवांतपणा. त्यामुळे मागचं दार पुढच्यापेक्षा भक्कम हवं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं उलट असतं.

दार लाकडी असेल तर भरीव आणि निदान ४४ मिलिमीटर जाड असावं. पण लाथेने फुटते ती बहुधा चौकट. कुलपाची जीभ जिच्यात शिरते ती लोखंडी पट्टी दोन बारक्या स्क्रूंवर टांगलेली असते. तिच्याऐवजी लांब पट्टी बसवा आणि ७५ मिलिमीटरचे स्क्रू चौकटीतून भिंतीपर्यंत जातील असे मारा. एवढ्या किरकोळ खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं काम नाही. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर दिसतात आणि त्यांची खिटी ठोकून काढता येते. बिजागरीच्या बाजूला चौकटीत शिरणारे दोन पोलादी खुंटे बसवले की खिटी काढूनही दार जागचं हलत नाही.

शौचालयाच्या खिडकीला गज लावताना ते भिंतीत रुतवा. लाकडी चौकटीवर स्क्रूने लावलेली जाळी क्षणात निघते. दोन गजांमधलं अंतर १० ते १२ सेंटिमीटर ठेवा. पत्र्याच्या छपराखाली, विशेषतः किमती मालाच्या खोलीवर, वेल्डेड जाळी हवी आणि त्या खोलीत हालचाल ओळखणारा सेन्सर. पत्रा उचकटणाऱ्याला खाली उतरावंच लागतं. आणि मागे शिडी, रिकामी पिंपं, क्रेट यांची उतरंड रचून ठेवू नका. चोर ती पायऱ्यांसारखी वापरतो.

एक सूचना मनापासून: आत माणसं असताना बाहेर पडायचं कोणतंही दार किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. आतून दांडा दाबला की उघडणारं आणि बाहेरून बंद राहणारं कुलूप मिळतं. आगीत कोंडलेल्या माणसाच्या जिवापुढे मालाची काय किंमत?

प्रश्न: आठ कॅमेरे आहेत. चोरी झाली, चोर पडद्यावर दिसला, पण चेहरा ओळखू येत नाही. अधिक मेगापिक्सलचे कॅमेरे घ्यावेत का?

उत्तर: आधी टेप घेऊन मोजा. चित्राच्या रुंदीतले पिक्सल भागिले त्या जागेची मीटरमधली रुंदी, एवढं साधं गणित आहे. ईएन ६२६७६-४ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत अनोळखी माणूस निःसंशय ओळखायला मीटरला २५० पिक्सल, माहितीतला माणूस ओळखायला १२५ आणि कोणीतरी आहे एवढं कळायला २५ असे आकडे दिले आहेत. २ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सल रुंद असतं. त्याला २५० ने भागलं की ७.६८ मीटर येतात. कॅमेऱ्यात दिसणारी जागा याहून रुंद असेल तर चेहऱ्याची आशा सोडा.

बहुतेक दुकानांत २.८ मिलिमीटरचं रुंद, म्हणजे बरीच जागा एकदम दाखवणारं भिंग असतं. त्याच्यापासून सात मीटरवर उभ्या माणसाच्या जागी चित्राची रुंदी सोळा-सतरा मीटर होते, म्हणजे मीटरला ११५ च्या आसपास पिक्सल. या भिंगाने चेहरा मिळतो तो साधारण तीन मीटरपर्यंत. तिथेच ६ मिलिमीटरचं भिंग लावलं तर सात मीटरवर रुंदीही साधारण सातच मीटर भरते आणि जुनाच २ मेगापिक्सलचा कॅमेरा चेहरा देऊ लागतो. म्हणून आठही कॅमेरे बदलू नका. प्रत्येक दारासाठी एक अरुंद भिंगाचा कॅमेरा फक्त चेहऱ्यासाठी राखा. बाकीचे कोण कुठे गेलं ते दाखवतील.

उंचीचं गणितही करून बघा. कॅमेरा २.५ मीटरवर आणि माणूस तीन मीटर दूर असेल तर कॅमेरा चेहऱ्याकडे सुमारे १७ अंशांतून बघतो. तोच चार मीटरवर चढवला की ३९ अंश होतात, आणि मग दिसतो तो टोपीचा घेर. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून लोक तो उंच नेतात. त्याऐवजी तो आत, दाराच्या समोर, दणकट आवरणात लावा. दारामागून ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो. अशा जागी डब्ल्यूडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारी सोय, चालू हवी.

रात्रीच्या चित्रात माणूस पुसट दिसण्याचं कारण बरेचदा वेगळंच असतं. अंधारात कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. एका सेकंदाचा पंचविसावा भाग ती उघडी राहिली तर सेकंदाला दीड मीटर चालणारा माणूस तेवढ्यात सहा सेंटिमीटर सरकतो आणि चेहरा फराटला जातो. दाराजवळ एक दिवा रात्रभर चालू ठेवला तर महागड्या कॅमेऱ्याची गरज उरत नाही. भिंगासमोरचं कोळ्याचं जाळंही महिन्यातून एकदा झाडा. इन्फ्रारेडच्या प्रकाशात ते पांढऱ्या पडद्यासारखं चमकतं.

आता साठवण. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे होतात १७३ जीबी. २ टेराबाइटची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. तीस दिवस हवे असतील तर ५.२ टेराबाइट लागतील, म्हणजे बाजारात मिळणारी ६ ची डिस्क. मालातली तूट महिनाअखेरच्या मोजणीत कळते आणि चित्रण असतं अकरा दिवसांचं, ही विसंगती आधी दूर करा.

रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नका. आत शिरलेला चोर तोच उचलून नेतो. जमिनीला जखडलेल्या लोखंडी पेटीत, वेगळ्या खोलीत, हवा खेळेल असा तो ठेवा आणि दाराच्या कॅमेऱ्याचं चित्रण दुसऱ्या जागीही जाऊ द्या. आठवड्यातून एकदा कालच्या रात्रीची दोन मिनिटं उघडून बघा. पडद्यावर आत्ताचं चित्र दिसतंय म्हणजे ते साठवलंही जातंय, असं धरून चालू नका. डिस्क बंद पडली तरी पडदा तसाच चालू राहतो.

प्रश्न: गजराची यंत्रणा रात्री उगाच वाजते. शेजारी वैतागले, म्हणून महिनाभर बंदच ठेवली आहे. ती कशी दुरुस्त करावी?

उत्तर: यंत्रणा बंद ठेवली तर कुलुपांनी मिळवून दिलेला वेळ फुकट जातो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. पॅनेलमध्ये प्रत्येक इशाऱ्याची वेळ आणि झोन (तो कोणत्या भागातून आला ते) नोंदलेला असतो. ती यादी कागदावर उतरवा. बहुधा सगळे इशारे एका-दोन झोनमधूनच आलेले दिसतील.

पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. त्याच्या समोर एसीचा झोत, ऊन पडणारी काच, टांगलेला जाहिरातीचा फलक किंवा उंदराची वाट असेल तर तो वाजणारच. तो कोपऱ्यात, जमिनीपासून २.१ ते २.४ मीटरवर आणि खिडकीकडे पाठ करून बसवा. त्याला आपल्या दिशेने चालत येणाऱ्या माणसापेक्षा समोरून आडवा जाणारा माणूस चटकन कळतो. त्यामुळे दाराच्या अगदी समोर लावण्यापेक्षा दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावलेला बरा. खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ गेलं की त्याची नजर मंदावते. पत्र्याच्या गरम गोदामात म्हणूनच पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला सेन्सर घ्या. दोघांनाही पटलं तरच तो इशारा देतो. आवरणात शिरलेला किडा हेही नेहमीचं कारण आहे. वायरचं भोक सिलिकॉनने बंद करा.

जागा बदलल्यावर चालून चाचणी घ्या: यंत्रणा चाचणी अवस्थेत ठेवून चोर जिथून जिथून येईल तिथून एकेकदा चाला आणि दिवा कुठे लागतो ते खडूने जमिनीवर आखा. गोदामात मागाहून रचलेल्या खोक्यांनी सेन्सरची नजर अडवलेली असते. ते असंच लक्षात येतं.

बॅटरीकडे सहसा कोणी बघत नाही. साधारण पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. पॅनेल ३०० मिलिअँपिअर ओढत असेल तर ती नवी असताना वीसेक तास टिकावी. तीन-चार वर्षांनी ती फुगते किंवा तासाभरात मान टाकते, आणि वीज गेली की खोटे इशारेही देते. वर्षातून एकदा मुख्य वीज चार तास तोडून मग भोंगा वाजवून बघा. आवाज घोगरा आला तर बॅटरी बदला.

पॅनेल दाराजवळ ठेवू नका. तिथे फक्त आकड्यांची पाटी असावी. आत आल्यावर यंत्रणा बंद करायला ३० सेकंद पुरतात. मिनिटभराची सवलत चोरालाही मिळते. इशारा इंटरनेट आणि सिमकार्ड अशा दोन वाटांनी जायला हवा, एक वायर कापली तरी दुसरी राहते. आणि रात्री तुमच्या फोनवर इशारा आला तर आधी कॅमेऱ्यात बघा, पोलिसांना कळवा, आणि एकट्याने आत जाऊ नका. चोर अजून आतच असू शकतो.

प्रश्न: ८० किलोची तिजोरी आहे, आगीपासून संरक्षण देणारी. रोकड ठेवायला पुरेशी आहे ना?

उत्तर: नाही. आगीसाठीच्या तिजोरीत दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारं मिश्रण भरलेलं असतं. तापल्यावर त्यातून वाफ सुटते आणि आत तापमान कागद करपणार नाही एवढं, म्हणजे यूएल या अमेरिकी तपासणी संस्थेच्या ७२ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे १७७ अंश सेल्सिअसच्या आत राहतं. पण तो पत्रा छिन्नी-हातोड्याने फाटतो. शिवाय हार्ड डिस्क आणि टेप १७७ अंशांतही निकामी होतात. त्यांच्यासाठी ५२ अंशांची वेगळी श्रेणी आहे.

रोकडीसाठी फोडण्याविरुद्ध तपासलेली तिजोरी हवी. यूएलची टीएल-१५ खूण म्हणजे जाणकार माणसांना ठरलेल्या हत्यारांनी प्रत्यक्ष काम करत निदान १५ मिनिटं दार दाद देत नाही. टीएल-३० म्हणजे ३० मिनिटं. हाही वेळाचाच आकडा आहे. ईएन ११४३-१ मध्ये अशाच चढत्या श्रेणी आहेत, आणि १,००० किलोहून हलक्या तिजोरीला जखडायची सोय असणं तिथे बंधनकारक आहे. तुमची ८० किलोची तिजोरी दोन माणसं ट्रॉलीवर आडवी करून घेऊन जातील आणि निवांत फोडतील. ती जखडायची तर बनवणाऱ्याने ठेवलेल्या भोकांतूनच, त्याने सांगितलेल्या जाडीचे विस्तारणारे बोल्ट फरशीखालच्या काँक्रीटमध्ये मारून. आपल्या मनाने नवी भोकं पाडली तर आगीचं संरक्षणही जातं. तिजोरी कोपऱ्यात, दोन भिंतींना चिकटून ठेवा, म्हणजे कटावणी घालायला दोन बाजू कमी झाल्या.

आकड्यांचं कुलूप असेल तर कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला. कोणीही कामावरून गेलं की तो पुन्हा बदला. आणि गल्ला रात्री रिकामा करून खण उघडाच, बाहेरून दिसेल असा ठेवा. बंद खण फोडताना चोर जे नुकसान करतो ते पुष्कळदा आतल्या सुट्या पैशांहून मोठं असतं.

प्रश्न: माल दर महिन्याला कमी भरतो. कुलूप शाबूत, कॅमेऱ्यात काही नाही. कामावरच्या माणसांचा संशय येतो, पण जुनी माणसं आहेत. काय करावं?

उत्तर: कुंपणच शेत खातंय असं वाटू लागलं की मन कडवट होतं, हे खरं. पण संशयाने सुरुवात करू नका, आकड्यांनी करा. तूट म्हणजे चोरीच असं नाही. दहा नगांचं खोकं बाराचं म्हणून नोंदलं, फुटलेला माल टाकून दिला आणि लिहिला नाही, ग्राहकाने परत केलेली वस्तू हिशेबात घेतली पण फळीवर ठेवली नाही, पुरवठादाराकडूनच कमी आलं, या चारांत बरीच तूट सापडून जाते.

महाग आणि खिशात मावणाऱ्या वीस वस्तू निवडा आणि रोज संध्याकाळी त्या मोजा. वीस वस्तूंना दहा मिनिटं लागतात. महिन्याची तूट अशी दिवसांत विभागली की ती कोणत्या वारी, कोणत्या पाळीत आणि कोणत्या फळीवर पडते ते आपोआप दिसू लागतं.

आवक होताना मोजणाऱ्याच्या हातात आकडे नसलेली यादी द्या. चलनावर ४८ लिहिलेलं दिसलं की दमलेला माणूस ४६ खोक्यांनाही ४८ म्हणतो. मागणी देणारा, माल उतरवून घेणारा आणि पैसे चुकते करणारा या तिघांत निदान दोन वेगळी माणसं हवीत. एकाच हातात तिन्ही कामं असतील तर प्रामाणिक माणसाची चूकही पकडली जात नाही.

गल्ल्यावर प्रत्येकाचा स्वतःचा पिन असावा. पाळी संपताना रोकड मोजणाऱ्याला यंत्रातला आकडा आधी दिसू नये. रद्द केलेली बिलं, परताव्याची बिलं आणि विक्री न होता उघडलेला खण यांची यादी माणसागणिक काढा. एखाद्याच्या नावावर परतावे इतरांच्या तिप्पट-चौपट असतील तर त्या वेळांचं चित्रण बघा. परतावा नोंदला जातोय आणि गल्ल्यासमोर ग्राहकच उभा नाही, असं चित्र दिसलं तर तो खरा पुरावा. ओळखीच्या ग्राहकाच्या चार वस्तूंपैकी तीनच स्कॅन होणं हाही नेहमीचा प्रकार आहे. वरून गल्ल्याकडे बघणारा कॅमेरा आणि बिलाची यादी शेजारी शेजारी ठेवली की तो कळतो.

कचऱ्याची वाट विसरू नका. रिकामी खोकी चपटी करूनच बाहेर जावीत, पिशव्या पारदर्शक असाव्यात, आणि कचरा टाकायला जाणारा माणूस व वेळ रोज तेच नसावेत. पैशांची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाला वर्षातून सलग एक आठवडा सुटी घ्यायला लावा आणि त्याचं काम दुसऱ्याला करू द्या. दडवलेले हिशेब बहुधा अशा आठवड्यात उघडे पडतात.

पुरावा हाती येईपर्यंत चारचौघांत नाव घेऊ नका. झडतीचा नियम करायचा तर तो लेखी करा आणि मालकासकट सगळ्यांना सारखा लावा. कपडे बदलायच्या जागी किंवा स्वच्छतागृहात कॅमेरा कोणत्याही कारणाने लावू नका.

प्रश्न: काम सोडून गेलेल्या माणसाने किल्ली परत केली. तिची नक्कल त्याच्याकडे नाही हे कशावरून?

उत्तर: ते कळायला मार्ग नाही, म्हणून सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात जाते ती कुलपाची नळी, बदला. कुलूप तेच राहतं. दाराच्या कडेला असलेला एक लांब स्क्रू काढून किल्ली थोडी फिरवली की सिलिंडर बाहेर येतो. नवा घेताना स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं माप घ्या, उदाहरणार्थ ३५ आणि ४५ मिलिमीटर. बाहेरचं टोक पट्टीपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे आलं तर पकडीने मोडता येतं. किल्ल्यांवर दुकानाचं नाव न लिहिता क्रमांक घाला आणि कोणता क्रमांक कोणाकडे ते वहीत ठेवा.

प्रश्न: दिवसा गर्दीत भुरटी चोरी होते. दारावर वाजणाऱ्या टॅगची यंत्रणा लावावी का?

उत्तर: महाग, छोट्या वस्तूंसाठी लावा. पण त्याआधी फळ्यांची उंची दीड मीटरच्या आत आणा, म्हणजे गल्ल्यावरून पलीकडचं दिसेल. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून "काय दाखवू?" असं विचारण्याची सवय लावा. चोरी करायला आलेल्याला नकोशी असते ती हीच गोष्ट. टॅगच्या दोन पद्धती नेहमीच्या आहेत, ८.२ मेगाहर्ट्झची रेडिओ लहरींची आणि ५८ किलोहर्ट्झची चुंबकी-ध्वनी पद्धतीची. पहिलीला धातूच्या वस्तू आणि पत्र्याचा अडथळा जास्त जाणवतो. आतून चांदीच्या कागदाचं अस्तर लावलेली पिशवी मात्र दोन्हींना चकवू शकते. टॅग काढायचा चुंबक गल्ल्याला साखळीने बांधून ठेवा, तोच चोरीला जातो.

प्रश्न: पुरवठादाराच्या नावाने "आमचं बँक खातं बदललं" अशी ईमेल आली. कुलुपांइतकंच याकडेही लक्ष द्यावं का?

उत्तर: जास्तच द्यावं, कारण इथे दार फुटल्याचा आवाज होत नाही. खातं बदलल्याची कोणतीही सूचना तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून पडताळा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तो पाठवणाऱ्याचाच असतो. ठरावीक रकमेच्या वरचं देणं दोघांच्या संमतीशिवाय जाऊ नये. दुकानातला पैसे घ्यायचा क्यूआर कोड काचेमागे ठेवा आणि रोज उघडताना त्यावर नखाने खरवडून बघा. वरून चिकटवलेला स्टिकर बोटाला लागतो.

हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, आणि निदान एक संगणकाला न जोडलेली ठेवा. कॅमेऱ्यांचे कारखान्यातले पासवर्ड बदला. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली होती.

प्रश्न: रात्री दुकान बंद करताना भीती वाटते. काही पद्धत आहे का?

उत्तर: बंद करताना आणि उघडताना दोन माणसं असावीत. एक आत फिरून शौचालय, पोटमाळा, कपडे बदलायची खोली बघेल, दुसरा बाहेर थोड्या अंतरावर फोन हातात घेऊन थांबेल. सगळं ठीक असल्याची एक खूण ठरवा. खूण आली नाही तर दुसऱ्याने आत न जाता मदत मागवावी. रोकड रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, एकाच पिशवीतून नेऊ नका. यंत्रणेत दबावाखाली दाबायचा वेगळा आकडा ठेवता येतो. त्याने गजर बंद झाल्यासारखा दिसतो आणि मदतीचा इशारा जातो. तो सगळ्यांना शिकवा. आणि समोर हत्यार आलं तर जे मागतील ते द्या, झटापट करू नका, अंगावर जाऊ नका. हे प्रत्येक माणसाला मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, नाहीतर तो निष्ठेपायी जीव धोक्यात घालतो.

प्रश्न: गेल्या आठवड्यात चोरी झाली. दार तात्पुरतं खिळे मारून बंद केलं आहे. आता आधी काय?

उत्तर: आधी दार. एकदा फोडलेली जागा पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोडली जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. चोराला वाट आणि मालाची जागा माहीत झालेली असते, आणि नवा माल भरला जाईल हेही तो जाणतो. दुरुस्ती होईपर्यंत किमती माल दुसरीकडे हलवा, एक दिवा रात्रभर ठेवा आणि चोर शिरला त्याच वाटेवर तात्पुरता बिनतारी सेन्सर लावा. किल्ली किंवा रिमोट गेलं असेल तर त्याच दिवशी सिलिंडर आणि आकडे बदला.

पोलिसांनी पाहणी केली नसेल तर फुटलेला भाग, खण, काच यांना हात लावू नका, झाडूही मारू नका. फोटो आधी लांबून, मग जवळून, शेजारी पट्टी ठेवून काढा. गेलेल्या वस्तूंची यादी अनुक्रमांक आणि खरेदीच्या बिलांसह करा. विम्याला आणि तपासाला तीच लागते.

चित्रण आजच काढून घ्या. तुमच्या रेकॉर्डरची डिस्क अकरा दिवसांची असेल तर त्यातले सात गेले आहेत. मोबाइलने पडद्याचं चित्रण करू नका. मूळ स्वरूपातली फाइल, तिला चालवणाऱ्या प्रोग्रॅमसह, दोन पेन ड्राइव्हवर उतरवा. फक्त चोरीची वेळ न घेता आधीचे काही दिवसही घ्या, टेहळणीला आलेला माणूस त्यांत सापडू शकतो. आणि रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ मोबाइलच्या वेळेशेजारी धरून एक फोटो काढा. रेकॉर्डर सतरा मिनिटं मागे असेल तर रस्त्यावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यांत नेमकं कुठे बघायचं, हे तपासणाऱ्याला त्या फोटोवरून कळेल.